ताजं रक्त

नाही, निकाल कळवत नाही आम्ही. आत्ता सही केलीत ना, त्याच कागदावर लिहिलंय, चौथ्या ओळीत — पण वाचतं कोण! सगळे सही ठोकतात आणि मग या खुर्चीत बसून मला विचारतात, मॅडम, रिपोर्ट कधी? अहो, ही तपासणीची लॅब नाही, संशोधनाची आहे. तुम्ही निरोगी माणूस म्हणून आलात, रक्त दिलंत, रक्ताला नंबर लागला, फ्रीजरमध्ये गेलं — तुमचा संबंध संपला. बाही वर घ्या. आणखी वर. एवढा दांडगा देह आणि सुई बघून डोळे मिटताय? मिटा, माझं काही अडत नाही. मूठ वळा. शिरा तरी कुठे लपवून ठेवल्यात कोण जाणे. हं — सापडली.

सोडा मूठ. ही जांभळ्या टोपणाची नळी दिसतेय? अर्ध्या तासाच्या आत त्या घरघरणाऱ्या यंत्रात फिरवायची. लाल पेशी तळाला बसतात, वर पिवळसर पाणी राहतं, त्यात प्रथिनं — हजारो. स्वादुपिंडाच्या कॅन्सरची खूण त्यांच्यात आधीच दिसते का, ते शोधायचं. शोधतं कोण? मी नाही हो, मी नुसती टोचणारी! शोधणारे वर, तिसऱ्या मजल्यावर, संगणकांपुढे. त्यांनी उभ्या जन्मात रक्ताची नळी हातात धरलेली नाही. तुम्ही म्हणजे त्यांच्या लेखी एक ओळ — आडवी, लांबलचक, आकड्यांची. आणि साहेब? साहेब खाली उतरतात ते फोटोवाला आला तरच. पांढरा कोट घालून — कोटाच्या घड्यासुद्धा मोडलेल्या नसतात. मागे एकदा ती थेंब ओढायची पिपेट उलटी धरून हसत उभे होते. छापला की तसाच! एकाच्याही लक्षात आलं नाही.

थांबा, हे यंत्रात ठेवून येते. — कापूस दाबून धरा, आणि उठू नका, दहा मिनिटं बसायचा नियम आहे. तुमच्यासारखेच दांडगे दारात कोसळतात.

तर वरती एक आहे, त्याला आम्ही खाली गणिती म्हणतो. त्यानं प्रोग्राम लिहिला. प्रोग्राम प्रत्येक रक्ताला आकडा द्यायचा — एकाच्या जवळ म्हणजे आजारी, शून्याच्या जवळ म्हणजे ठणठणीत. शंभरातले सत्त्याण्णव बरोबर! टाळ्या काय, भाषणं काय, पेपरात बातमी काय. मी तेव्हाच त्याला सांगितलं होतं — जिन्यात गाठून सांगितलं — अरे, रुग्णांचं रक्त आपल्याकडे शिळं येतं. सकाळी हॉस्पिटलात काढतात, नळ्यांचा डबा भरेपर्यंत तिथेच पडून, इथे पोचतं दुपारी. निरोगी माणसांचं मी इथेच काढते आणि लगेच फिरवते. पडून राहिलेल्या रक्तात पेशी फुटतात, त्यांच्यातलं नको ते वरच्या पाण्यात उतरतं. बावीस वर्षं हेच करतेय मी. तर मान वर न करता म्हणतो कसा, "प्रोग्राम ते सांभाळून घेतो, मॅडम." सांभाळून घेतो! प्रोग्राम आहे की सोशिक सून?

मग काय शिकला तो प्रोग्राम? कॅन्सर? डोंबल! शिळं कुठलं आणि ताजं कुठलं, एवढंच शिकला. ते तर मी नळी उजेडाला धरून सांगितलं असतं, फुकट.

कळलं कसं? दुसऱ्या एका लॅबनं करून पाहिलं, त्यांचं काहीच जुळेना. मग आले गणिती महाराज खाली, माझी वही मागायला. मी लिहून ठेवते ना — कुठली नळी कधी काढली, कधी फिरवली. तीन दिवस त्या स्टुलावर बसून वही उपसली. तिसऱ्या दिवशी रडला. खरंच, ढसाढसा! मी पाणीसुद्धा विचारलं नाही. कशाला विचारू? छापून आलेला एक लेख मागे घ्यावा लागला म्हणून रडतो — याचं काय गेलं होतं? डोळे पुसून मला म्हणतो, "मॅडम, ही दोनशे चौदा कोणाची? चारच मिनिटांत फिरवलीय, आणि वय लिहिलेलं नाही." मी म्हटलं, असेल कोणीतरी.

कोणीतरी कसली. धाकटी बहीण होती माझी.

जेवलं की पाठीत दुखतं म्हणायची. वजन उतरत होतं, तर ही खूश — जुने कपडे बसायला लागले म्हणून. डॉक्टरांनी स्कॅन लिहून दिला होता, पण यंत्राच्या त्या बोगद्यात शिरायचं म्हटलं की ही तारीख पुढे ढकलायची. मला म्हणाली, "ताई, तुमच्याकडे ती रक्ताची नवी टेस्ट निघालीय ना? त्यानंच बघ की." आता मी काय म्हणायला हवं होतं? तुम्हाला म्हटलं तेच. पण नाही — शनिवारी बोलावलं, कोणी नसताना, याच खुर्चीत बसवलं, आणि निरोगी माणसांच्या यादीत तिची नळी घुसवली. काढली आणि अक्षरशः धावले यंत्राकडे. माझ्या बहिणीचं रक्त, ते पडू देईन होय मी?

आकडा आला शून्य पॉइंट शून्य तीन. यादी प्रिंटरवर पडलेली, मीच बघितली. फोन केला — ठणठणीत आहेस, स्कॅन-बिन काही नको. "नक्की ना ताई?" अगं, शंभरातले सत्त्याण्णव बरोबर येतात! — माझ्या तोंडून! ज्याला जिन्यात गाठून मीच सुनावलं होतं, त्याचा आकडा. इतका गोड आकडा होता हो तो... आपल्याला हवा तसा आला की कोण कशाला वही उघडून बघतंय.

सात महिन्यांनी शेवटी स्कॅन झाला. तोवर यकृतात पोचलं होतं. हॉस्पिटलात एकदा मला म्हणाली, "तुमच्या टेस्टमध्ये आलं नाही, म्हणजे तेव्हा नसणारच, हो ना ताई?" मी म्हटलं, हो गं, तेव्हा नव्हतंच. त्यानंतर बारा दिवसांनी गेली.

आणि साहेब सभांमधून सांगत फिरतात, आम्ही चुकीतून शिकलो. आम्ही म्हणजे कोण? शिकलाच असेल तर तो गणिती — आता रोज सकाळी स्वतः हॉस्पिटलात जातो, डबा मांडीवर घेऊन येतो, धापा टाकत. माझ्याकडे बघून हसतो. यायचं होतं तर आधी यायचं होतंस, मेल्या.

काय? — नाही. कोणालाच सांगितलेलं नाही. आणि तुम्ही पण कुठे बोलायचं नाही, सही केलीय तुम्ही... बरं, त्यात माझं गुपित ठेवायचं लिहिलेलं नाही, ठाऊक आहे मला.

तिच्या नवऱ्याला? तो येतो ना दर रविवारी, पोरीला घेऊन. माझ्या हातचं जेवतो, आणि निघताना म्हणतो, ताई, तुम्ही या क्षेत्रातल्या, तुम्ही होतात म्हणून तिला किती धीर होता...

झाली दहा मिनिटं. उठा. चक्कर येत नाही तुम्हाला, मला दिसतंय. उठा म्हटलं ना — दार ओढून घ्या.