हवानाच्या पाकिटातलं कार्ड

कार्डं छापणाऱ्यांनो, काळ्या खेळाडूंचे चेहरे तुम्ही जाणूनबुजून गाळलेत!

क्लीव्हलंडला जुनी बेसबॉल कार्डं तपासून घ्यायच्या रांगेत वेंडेल उभा होता. पुढं एक काळी म्हातारी तपासनिसाशी बोलत होती.

“आजी, कार्डाच्या पाठीला डिंक लागलाय. गुण कमी पडतील.”

“पडू देत. खरं आहे, एवढं लिहून दे. घरात वडिलांचा याशिवाय दुसरा फोटो नाही.”

“हे क्यूबातलं, हवानाचं? १९२४चं?”

“सिगारेटच्या पाकिटातलं.”

“बापरे! असलं कार्ड जन्मात पाहिलं नाही.”

“बघ हवं तेवढं, पाडू नकोस मेल्या!”

वेंडेलनं टोपी काढली. तपासनिसानं भिंग खाली ठेवलं.

“खरंय, आजी. शंभर टक्के. आणि तुमच्या वडिलांचं इथलं, अमेरिकेतलं कार्ड?”

“हवानात ते एकच हिवाळा खेळले, इथं वीस वर्षं. मग इथं कुणीच का नाही छापलं? तू कार्डवाला ना? दे उत्तर!”