जीपमधला नायट्रोजनचा डबा

तुम्ही हसाल, पण हे खरंच घडलं. तोडल्यावर फळात काय काय बदलतं ते शोधायला आमच्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी द्रव नायट्रोजनच्या डब्यात गोठवली होती. तो डबा मी जीपने सांगलीला नेत होतो. नायट्रोजन उडून गेला असता, तर फळं वितळून बाईंचा सगळा हंगाम वाया गेला असता.

वाटेत इंजिन तापलं म्हणून पाणी घालायला थांबलो. एका शेतकऱ्याने मागचा डबा पाहिला आणि माझं मनगटच धरलं.

"डॉक्टर, चला लवकर! गाय माजावर हाय."

गाई गाभण करायला येणारे डॉक्टर वळूचं वीर्य असल्याच डब्यातून आणतात.

"मी डॉक्टर नाही, दादा. यात स्ट्रॉबेरी आहे."

"येडा समजता व्हय मला? उघडा!"

तो हात सोडेना. शेवटी मी झाकण उचललं, चिमट्याने एक फळ काढून डब्यावर आपटलं. खड्यासारखं वाजलं.

"हे कशापायी?"

"तोडताना जसं होतं, तसंच थांबवून ठेवलंय."

"थांबलंय नव्हं?" तो जीपमध्ये चढून बसला. "मग वळवा गाडी जनावरांच्या दवाखान्याकडं. माझी गाय न्हाई थांबायची."