विमानात बसलेलं मीठ

काय सांगू तुम्हाला, आमचा जन्मच मिठातला. वडखळच्या पुढं खाडीला आमचं गाव, बाबा मिठागरावर, आय मिठागरावर, मी एकटाच शाना निघालो नि मुंबईला विमानतळावर हमाल म्हनून लागलो, तवा अठराचा असेन, आता नव्वदी आली.

तर तिथं लढाईनंतर बांधलेलं नवं विमान आलं, दोन पंख्यांचं, कंपनी सरकारी साहेबांना उडवून दाखवनार, आवडलं तर सरकार घेनार. मुकादम म्हनाला, भरलेलं विमान कसं उडतं ते दाखवायचंय, एवढी मानसं कुठून आनू, खुर्च्यांवर वाळूची पोती ठेवा. पन पावसानं वाळू चिंब. मी पुढं पुढं केलं, म्हटलं मुकादम, बंदरावरच्या वखारीत आमच्या बाबाचं मीठ हाय, कोरडं, शिवलेल्या पोत्यांत. व्हय म्हनाला. बाबाचं मीठ साहेबलोकांच्या मांडीला मांडी लावून उडालं हो, मी खाली उभा, छाती अशी फुगली माजी.

उतरताना दनका बसला, एक पोतं उसवलं, मीठ खालच्या फटींत गेलं. साहेब खुशीत टाळ्या वाजवत व्हते, मी वरवरचं झाडून घेतलं नि गप्प बसलो.

सुट्टीला घरी आलो, बाबाला तोऱ्यात सगळं सांगितलं. तो हसला नाय. म्हनाला, अरे मेल्या, आपलं फावडं दोन पावसाळे टिकत नाय, मीठ पत्रा खातं, जा, साहेबाला सांग, त्यात मानसं बसनार हायत. गेलो, साहेबाच्या दारापर्यंत गेलो, पन नोकरी कच्ची व्हती, परत फिरलो. विमान विकलं गेलं, पुढं त्याचं काय झालं कधी कळलं नाय. बाबाला म्हटलं, सांगितलं. मरताना पन त्यानं इचारलं, खरंच सांगितलंस ना रं? व्हय म्हटलं, नि ज्या हातानं मीठ झाडलं व्हतं त्याच हातानं त्याच्या तोंडात पानी घातलं.

आता पेणला शिकलेली माजी नात विमानात कामाला लागली. पहिल्यांदा निघाली तवा पाया पडली, मना राहवलं नाय, जन्मात पहिल्यांदा कुनाला तरी हे सांगितलं. रडू नका आजोबा, म्हनाली, आता सगळं तपासून घेतात. म्हटलं, तपासनारा पन कुनाचा तरी पोर असतो गो, त्याची पन नोकरी कच्ची असते.

वरून आवाज आला की मी काठी घेऊन अंगनात येतो. तिचं विमान कुठलं ते मना काय ठाऊक? सगळ्यांनाच हात जोडतो, म्हनतो, सुखरूप उतर गो बाय.