चौथी बाजू

हॅलो?… कोन?… हां, सत्यशीलाताई. व्हय, रेश्माच बोलतीय. जरा हळू बोलते, राग मानू नका. सारा आत्ताच निजलीय… व्हय, एवढ्या लवकर… न्हाई ओ, दामटून न्हाई झोपवली. आपल्या आपन निजती आता.

टोमना न्हाई ओ, ताई. बोला तुमी.

फोटू? मीच टाकला स्टेटसला. जाळीत निजलेली लई गोड दिसत हुती. मिरजगावला पोचला बी का लगेच?

मच्छरदानी हाय ती… न्हाई, इकत न्हाई आनली. मोबाईलवर दावत्यात बघा, वर कडी टांगायची, तिला जाळी लावून खाली सोडायची, आन् लेकरू आत. त्यात म्हनं मन शांत हुतं लेकरांचं. आपली पिठाची चाळनी फाटली हुती ना, तिचीच कडी काढली. हुकाला टांगली. भिंगारच्या बाजारातनं आनली ती फकस्त दोरी.

अवो ऐका तरी. पोर कशी हुती ती तुमाला ठाऊक हाय. तुमची भन एंजेला गेली, वरसानं मी ह्या घरात आले, तर ही सारी रात उंबऱ्यात बसायची. दार लावलं की रडायची. साराचे पप्पा म्हनले, सुट्टी लागूस्तोवर बघू, न्हाई रमली तर मावशीकडं धाडू मिरजगावला… व्हय, तुमाला बी म्हनले असतील. मला म्हनले त्या दिवशी डोळ्याला डोळा न्हाई लागला माझ्या.

आता रोजचं ठरल्यालं हाय. हळदीचं दूध. तळपायाला खोबरेल. मग प्रभूची प्रार्थना. ती म्हनती, मी आमेन म्हनते. मग जाळी सोडायची आन् गादीखाली खोचायची, एकेक बाजू, सावकाश. खोचता खोचता तिचे डोळे मिटायला लागत्यात. माझा जीव भांड्यात पडला बघा.

कापड कुठलं म्हंजे?… तिच्याच गादीच्या खोळीत हुतं. गादी उन्हात टाकायची म्हनून खोळ काढली, तर आत ही भली मोठी घडी. इचारलं, काय गं हे? म्हनली, मच्छरदानी हाय, बांध ना. बांधली.

लेस? हाय की. हल्ली मच्छरदानीला बी लेस असती… आत्ता बघू? कुठला कोपरा?… डावा. बरं, थांबा. चपला वाजत्यात, काढून ठेवते.

हां… हाय ओ. रफू हाय. बारीक, पांढऱ्या दोऱ्याचं. तुमाला कसं ठाऊक?

ताई?… ताई, रडताय का?

कुनाचा व्हेल?… एंजेलाताईंच्या लग्नातला? डोक्यावरनं पाठीवर सोडत्यात तो?… लग्नाच्या सकाळी खुर्चीच्या खिळ्यात अडकला. आन् रफू तुमीच केलं.

आई गं. मला खरंच ठाऊक न्हवतं, ताई. माझं लग्न रजिस्टर, डोईवर पदर तेवढा… न्हाई, न्हाई, कात्री न्हाई लावली. नुसत्या चुन्या घातल्यात. टाके उसवले की हुता तसा हुईल.

पुरताना? व्हेल घालत्यात?… तुमच्या घरात रीतच हाय तशी. आमच्या कर्जतकडं न्हाई ऐकलं कधी… आईला घातला, आजीला घातला. आन् एंजेलाताईंचाच सापडला न्हाई… शवपेटी दारात, चर्चचे पाळकसाहेब खोळंबल्याले, कपाटं उलथीपालथी केली… मग?… रुमाल टाकला डोक्यावर. साधा पांढरा रुमाल.

सपनात येत्यात तुमच्या?… डोकं उघडं… बोलत न्हाईत. नुसतं शोधत्यात.

हाय, हाय मी. ऐकतीय.

ताई, एक सांगू? येड्यात काढू नका. सारा मला तीनच बाजू खोचू देती. चौथी न्हाई, खिडकीकडची. म्हनती, ऱ्हाऊ दे, मम्मी वाकून येती. मी म्हनलं, लेकराचं मन हाय, ऱ्हाऊ दे. पन सकाळी बघावं तर चौथी बी खोचल्याली. मला वाटायचं तिचे पप्पा खोचत्यात. त्यांना वाटायचं मी… परवा चहा पिताना निघालं बोलनं. दोघांनी बी खोचली न्हवती. पन सांगनार कुनाला? सावत्र आई, त्यात असलं बडबडाया लागली, तर कोन ठेवील पोर तिच्यापाशी?

व्हय, साराच खोचत असंल. मी बी मनाला तेच सांगते. पन आतनं खोचलं तर दिसतं ओ, कापड आतल्या अंगाला ओढतं. हे बाहेरनं असतं. आन् कोपरा तर… वान्याच्या दुकानात पुडी बांधत्यात ना, तशी घडी. मला न्हाई येत तसली घडी.

तुमाला येती?… कुठं शिकवली?… बोर्डिंगात. दोघी भनींना… मेट्रनबाई रोज तपासायच्या. एंजेलाताईंची पुडी सगळ्यात नीट… हं… हं.

पानी प्या जरा, ताई.

आत्ताच काढू? निजलीय ओ ती. सकाळी… बरं. बरं, चिडू नका, काढते. स्टूल घेते. फोन स्पीकरवर टाकते, हात मोकळे पायजेत… हां, गाठ सापडली.

काय न्हाई गं सारा, निज… मावशी हाय फोनवर… हात सोड ना माझा, पडीन की मी… काय?… कुनी लपवला?

ताई, ऐकलं का?… ती म्हनती, मीच लपवला. आजी जित्ती हुती तवा म्हनली हुती, बाई व्हेल घालूनच प्रभूकडं जाती. मग व्हेलच न्हाई मिळाला तर मम्मी जानार न्हाई. म्हनून खोळीत घातला. आन् तुमी सगळी कपाटं… व्हय, ती त्याच गादीवर बसून बघत हुती.

मावशी रडती गं, सारा. तुझ्यावर न्हाई रागावली… ताई, स्पीकरवर तुमचं ऐकलं तिनं, इचारती, मम्मीचं डोकं खरंच उघडं हाय का? तुमीच सांगा. माझ्यानं न्हाई सांगवत.

…ऐकलंस ना बाळा?… हं… म्हनती, मग देऊ या तिला. पन उद्या. आज ऱ्हाऊ द्या, आज मम्मीला सांगायचंय.

न्हाई ताई, आता मी गाठ सोडनार न्हाई. उद्या तुमी या. पाळकसाहेबांना इचारून आपन तिघी जाऊ कबरस्तानात… काय?… साराला बी नेता? कशापायी?… ‘माय मरो, मावशी जगो’? ती म्हन नका ओ तोंडात आनू, हितं माय खरीच मेलीय… व्हय, रक्ताची न्हाई मी. पन तिचे तळपाय रोज माझ्या हातात असत्यात. ती गेली तर मी कुनाच्या प्रार्थनेला आमेन म्हनू?

थांबा. ती आत बोलावती… आत? मी? येते गं, सरक तिकडं… फोन हाय, ताई, ठेवला न्हाई. जाळीच्या आत आलेय. आजवर कधी घेतलं न्हवतं तिनं. तीन बाजू आतनं खोचल्यात. चौथी सोडलीय, ती म्हनती म्हनून… निजली. माझ्या दंडावर डोकं ठेवून.

न्हाई, तिचे पप्पा डेपोत हायेत, ड्युटीवर. दाराला कडी हाय… खिडकी बी बंद हाय.

ताई.

जाळी हलली… पंखा न्हाई लावला ओ, सर्दी हाय तिला.

बोलू नका जरा.

…गादी दबतीय. खिडकीकडनं. खोचत्यात… न्हाई, साराचे दोन्ही हात माझ्या अंगावर हायेत. माझा एक तिच्याखाली, एकात फोन… आता पायाकडं… कोपरा. घडी घातली. पुडी.

बाहेर कुनी न्हाई दिसत.

भ्याले की. लई भ्याले. पन ताई, मला बाहेर काढून न्हाई खोचलं ओ. दोघींना मिळून खोचलं.

हं… हं… उद्या या. व्हेल न्या. लई दिवस उघड्या डोक्यानं फिरत्यात त्या… आन् साराचं?

…खरंच? ऱ्हाऊ देता माझ्यापाशी?… व्हय, ताई. व्हय. न्हाई, रडत न्हाई मी. नवी जाळी आनते उद्या बाजारातनं. तेवढी पुडीची घडी शिकवून जा मला, उद्यापासनं मलाच घालावी लागंल.

ठेवते, उठंल ती.