पाच कोपऱ्यांत गोल टेबल

...आणि वर ती घर दाखवणारी पोरगी मला म्हणते, "काका, हिऱ्याच्या आकाराचा दिवाणखाना आहे, नशीब लागतं." आता मला सांगा, हिरा बोटात घालायचा असतो का त्याच्यात राहायचं असतं? मी बोलणारा माणूसच नाही, चाळीस वर्षं बांबूच्या परांच्या बांधल्या, तिसाव्या मजल्याच्या वाऱ्यात बोलून ऐकणार कोण... पण तुम्हाला सांगतो, त्या खोलीनं मला बोलतं केलं. एक भिंत तिरकी, दुसरी तिला भेटायला निघालेली ती मध्येच रुसून वळलेली, खिडकी पोटासारखी बाहेर आलेली, आणि उजव्या हाताला, जिथं शहाण्या घरात भिंत गुपचूप संपते, तिथं एक अणकुचीदार कोपरा, सुरीच्या टोकासारखा. मी मोजले. पाच. परत मोजले, परत पाच! खोलीला कोपरे चार असावेत, एवढंच माझं म्हणणं.

आमचं क्वाय चुंग वस्तीतलं जुनं घर म्हणजे काड्यापेटी होती. लहान, पण सरळ. पलंग भिंतीला, कपाट भिंतीला, जेवायचं गोल टेबल पाय दुमडून दारामागं, आणि कुठूनही उठा, दोन पावलांत दार. पण लिफ्ट थांबायची दहाव्या मजल्यावर, आम्ही राहायचो बाराव्यावर, आणि आमच्या हिचे, युक-लानचे, गुडघे गेले. म्हणून मुलानं, हो-शिंगनं, हे नवं घर घेतलं. पोरगा गुणाचा आहे, त्याला नावं ठेवत नाही. फक्त घर बघायला गेला तेव्हा त्यानं खिडकीतून समुद्र बघितला, आणि मागं वळून खोली बघायची राहिली.

तर बघा, दोन पावलांत दार म्हणालो ना मी... त्या दारानंच घात केला. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट, हिवाळ्याचा सण, वर्षातली सगळ्यात मोठी रात्र. आमच्यात नववर्षाला चुकलं तरी चालतं, पण त्या संध्याकाळी सगळ्यांनी एका टेबलावर जेवायचंच. आणि भर जेवणात हो-शिंग धाकट्या बहिणीला, पुई-क्वानला, म्हणाला की, तू काय, जेवायपुरती येतेस, आईला दोन मजले पाठीवर घेऊन चढतो मी. पोरीनं जेवायच्या चपळकाड्या वाडग्यावर ठेवल्या, उठली, दोन पावलं, दार. झालं. तीन वर्षं एकमेकांशी शब्द नाही. सणाच्या आदल्या दिवशी दुपारी ती यायची, आईजवळ बसायची, भाऊ कामावरून यायच्या आत जायची.

आणि यंदा तिचा फोन आला. "मा, सणाला येते. संध्याकाळीच येते."

युक-लाननं फोन ठेवला आणि मला म्हणाली, "नऊजण. एकच टेबल. दोन टेबलं मांडलीत तर मी चुलीपाशी उभी राहून जेवेन." म्हणजे आम्ही दोघं, मुलगा, सून, दोन नातू, हिची बहीण, साडू आणि पुई-क्वान. तुम्हीच सांगा, नऊ माणसं, बारा जणांचं गोल टेबल, आणि ही खोली! मला झोप येईना. हक्काचा पलंग, पण तोही तिरका लावलेला, डोकं एका भिंतीला आणि पाय दुसऱ्याच दिशेला...

आधी सोफा. सोफा सरळ, भिंत तिरकी, मागं त्रिकोणी खड्डा. त्यात काय काय गेलं म्हणून सांगू! टीव्हीचा रिमोट, सुनेचा गळ्यातला रुमाल, माझा चष्मा, एकदा तर धाकटा नातू स्वतःच गेला आणि आतून म्हणतो, "आजोबा, इथं छान आहे." मग हो-शिंगनं पून मिस्त्रीला आणलं. पून मिस्त्री म्हणजे गळ्यात मोजपट्टी, कानावर पेन्सिल, आणि प्रत्येक गोष्टीवर एकच उत्तर, "कापू या." सोफा? कापू या. कपाट? तिरकं कापू या. टेबलाभोवती डोळे बारीक करून दोन चकरा मारल्या आणि म्हणाला, "काका, असं करू, टेबलच कापू या. पाच कोनांचं करू. भिंतीला असं चिकटेल की पाणी जायचं नाही."

युक-लान भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मिस्त्री, तुमच्या खिडकीत चंद्र बसला नाही तर तोही कापता का?"

मिस्त्री परत आला नाही. खोलीला कोपरे चार असावेत, एवढंच माझं म्हणणं, पण मिस्त्रीला तरी तोंडाला तोंड द्यायला बायको भेटावी तर ती माझीच का?

त्यात समोरच्या लो वहिनी. दारातून एक नजर टाकली आणि छातीवर हात! "अगं बाई, हा तर सुरीचा कोपरा. ह्याच्यात जो पाठ टेकून बसेल तो घरापासून तुटेल हो." आणि दोष जावा म्हणून कोपऱ्यात लटकवायला वाळका भोपळा देऊन गेल्या. मी शिकलेला नाही, खरं खोटं मला कळत नाही, पण परांची बांधताना खालून कोणी सांगितलं की ती गाठ सैल आहे, तर माणूस हसत नाही, जाऊन बघतो. मी भोपळा लटकवला. गोल पानांचं झाड ठेवलं. झाड आठ दिवसांत वाळलं... आता काय समजायचं? शेवटी मनाशी ठरवलं, त्या कोपऱ्यात मीच बसायचं. माझं आता काय तुटायचं राहिलंय?

मग मी माझ्या पद्धतीनं मोजलं. पट्टी मला कळत नाही, मी बांबूची एक काठी घेतली, तिच्यावर खुणा केल्या, टेबल उघडून मध्ये ठेवलं, खिडकीच्या पुढं आलेल्या कट्ट्यावर उशा टाकल्या, तिथं तीन जण, बाकी सहा स्टुलं टेबलाखाली सरकवली आणि काठी सगळीकडून फिरवली. बसलं! चक्क बसलं! युक-लानला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "बघते सणाला." तेव्हा मला कळायला हवं होतं. अहो, परांची बांधणारा माणूस बांबू मोजतो, माणसं मोजत नाही. स्टुलं टेबलाखाली होती, रिकामी. त्यांच्यावर माणसं बसणार, माणसांना पोटं असणार, आमच्या साडूला तर दोन माणसांचं एक आहे, हे माझ्या काठीला कुठून कळावं?

सणाचा दिवस. पुई-क्वान आली, ती सांगितल्या वेळेच्या तासभर आधी! हातात तांदळाच्या पिठाच्या गोड गोळ्यांचं भांडं. आईबरोबर स्वयंपाकघरात राबली, पदार्थ आठ झालेत का मोजले, सात झाले तर आमच्यात ते मर्तिकाचं जेवण, आणि मी खिडकीच्या कट्ट्यावरची उशी सारखी करेपर्यंत पोरगी जाऊन बसली कुठं? सुरीच्या कोपऱ्यात. भोपळ्याखाली. मी म्हणालो, "पोरी, तिथं मी..." तेवढ्यात हो-शिंग आला, सून आली, साडू आला, एकेक जण आत सरकला, आणि हो-शिंगला जागा उरली ती बहिणीच्या शेजारी. मी ढकलला गेलो कट्ट्यावर, दोन नातवांच्या मध्ये, पाय जमिनीला टेकेनात. संडासाचं दार साडूच्या पाठीमागं बंद. बाहेरचं दार सुनेच्या पाठीमागं बंद. कोंबडी टेबलावर ठेवायला युक-लाननं आठ डोक्यांवरून ताट फिरवलं. खोलीला कोपरे चार असावेत... मी मनात म्हणालो, मोठ्यानं म्हणायला श्वास घ्यायला जागा नव्हती.

आता आमच्यात जेवायला असंच सुरू करत नाहीत. धाकट्यानं प्रत्येक मोठ्याला नाव घेऊन जेवा म्हणायचं, मग चपळकाड्यांना हात. नातवांनी म्हटलं, भराभर, गाडी सुटल्यासारखं. सून म्हणाली. हो-शिंग म्हणाला. राहिली पुई-क्वान.

"पा, जेवा. मा, जेवा. मावशी, जेवा. काका, जेवा."

आणि थांबली.

पुढचं नाव भावाचं. सगळे वाडग्यात बघतायत. सूप थंड होतंय. आणि तुम्हाला खोटं कशाला सांगू, मला त्याच वेळी लघवीला लागली. म्हातारपण आहे, ते काय मुहूर्त बघत नाही. पण उठू कसा? मी उठलो तर नातू उठणार, नातू उठले तर टेबल सरकवायला साडू उठणार, साडू उठला की सगळेच उठणार, आणि सगळे उठले की दार मोकळं! पोरीला तर तेवढंच हवं असणार, तोंडावर दिसत होतं तिच्या. तीन वर्षांपूर्वीचं तेच तोंड. मी कट्ट्याची कड घट्ट धरली आणि बसलो. वादळात परांचीवर बसतात तसा.

तिनं चपळकाड्या खाली ठेवल्या. उठायला गेली... उठता येईना. डाव्या हाताला भिंत, पाठीला भिंत, डोक्याला भोपळा, उजव्या हाताला भाऊ. तिनं माझ्याकडे बघितलं. मी सूप बघितलं. शेवटी खाली मान घालून अगदी हळू म्हणाली,

"दादा, सरक."

तीन वर्षांनी, बरं का.

हो-शिंग गडबडला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, खरंच सरकायला गेला बिचारा, त्याचा गुडघा टेबलाला लागला, सूप साडूच्या पोटावर. आणि म्हणाला, "कुठं सरकू गं? भिंतच तिरकी घेतलीय मी."

आधी मावशी हसली. मग नातू. मग पुई-क्वान, तोंडावर हात धरून, आणि ती हसतेय का रडतेय ते त्या कोपऱ्यातल्या अंधारात मला दिसलं नाही, आणि मी बघितलंही नाही. युक-लान म्हणाली, "पुढचं म्हण मग. सगळ्यांना भूक लागलीय."

"दादा, जेव. वहिनी, जेवा."

दोन तास चाललं हो जेवण! भावानं कोंबडीची तंगडी बहिणीच्या वाडग्यात टाकली, तिनं ती परत त्याच्या वाडग्यात टाकली, पाठीवरून आईला नेल्याचं काही बोलणं झालं, ते मला नीट ऐकू आलं नाही. मी दोन तास एकच विचार करत होतो, तो कसला ते तुम्हाला ठाऊक आहे.

नंतर हो-शिंग म्हणाला, मिस्त्रीला बोलावतो, तो कोपरा कपाट घालून बुजवू. तर युक-लान म्हणाली, खबरदार, ती माझ्या लेकीची जागा आहे. भोपळा मात्र काढा, तिच्या डोक्याला लागतो.

आणि माझी जागा खिडकीच्या कट्ट्यावर, कायमची, दोन नातवांच्या मध्ये. खोलीला कोपरे चार असावेत, एवढंच माझं म्हणणं... पण पाच आहेत, त्याला काय करणार? पुढच्या सणाला मी सकाळपासून पाणी पिणार नाही.