दोन मिनिटं धर म्हटलेला माईक

...नाही, द्या ना, शाल द्या, श्रीफळ द्या, फेटा बांधा, माझी कुठे ना आहे? आमच्या दहावी ब मधला नाथा, कबड्डीचं समालोचन करून करून पार टीव्हीवर पोचला, आता त्याला जीवनगौरव मिळाला, बातमी वाचून सगळ्यात आधी मी रडलो, आमच्या हिला, सविताला विचारा हवं तर... पण मला एवढंच सांगा, माईक कुणी दिला?

तुम्हाला सांगतो, घोटी. शहाऐंशी साल. बाजारतळावर कबड्डीचे सामने आणि माईक माझ्या हातात! सरांनी दिलेला, कारण वर्गात माझा आवाज सगळ्यात मोठा. आणि नाथा? तो हजेरीला 'हजर' म्हणायचा ते फक्त त्यालाच ऐकू यायचं. माझ्या दोन चढाया बोलून झाल्या असतील नसतील, तर सर म्हणाले, मल्हारी, पंचांना चहा सांगून ये. शेजारी नाथा बसलेला, त्याला म्हटलं, दोन मिनिटं धर. झालं! चहा घेऊन येतो तर काय, बाजार चिडीचूप, बायका भाजीच्या पाट्या सोडून उभ्या, आणि नाथा सुटलाय... आता त्याच्या हातातून काढून घ्यायचा कसा, तुम्हीच सांगा. मी आपला चहा वाटला. ती दोन मिनिटं चाळीस वर्षं चाललीत हो! तो समालोचक झाला, मी जिल्हा परिषदेत आवक-जावक. तक्रार नाही. फक्त एकदा, चारचौघांत, त्याने सांगावं, माईक कुणी दिला?

तर परवा गंगापूर रोडला हॉल घेऊन आम्ही वर्गातल्यांनी सत्कार ठेवला. प्रास्ताविकाला जयराम. म्हणे, "नाथाला पहिल्यांदा ओळखलं ते मी." अरे, तू त्याला नावाने तरी ओळखायचास का? मग रोहिणी उठली, म्हणे माझ्या डब्यातली चटणी खाऊनच त्याचा घसा मोकळा झाला. जो उठतोय त्याने नाथा घडवलाय! आणि नाथा फेटा सांभाळत गप्प, ज्याच्या बोलण्याचा सत्कार त्याला कुणी बोलू देईना. पण माईक कुणी दिला, ते कुणी काढतंय? नाव नको! शेवटी नाथा उठला, मी खुर्ची पुढे घेतली, रुमाल तयार ठेवला... तर जयराम कानाशी, "मल्हारी, चहाचं बघ ना जरा. तुझा आवाज मोठा, चहावाला तुझंच ऐकतो."

गेलो. जातोच मी, काय करणार.

आत काय झालं ते सविताने नंतर सांगितलं. नाथा म्हणाला, "हा माईक माझा नाही, मल्हारीचा आहे. दोन मिनिटं धर म्हणाला होता, परत द्यायचा राहिला. आज देतो. कुठाय तो?" अख्खा हॉल उभा राहून दाराकडे वळला, टाळ्यांवर टाळ्या, नाथाचे डोळे भरलेले, माईक पुढे केलेला... आणि दारात मी, दोन्ही हातांत चहाचा ट्रे. मला वाटलं, काय तलफ आलीय लोकांना! मी आपलं खड्या आवाजात विचारलं, "बिनसाखरेचा कुणाकुणाला?"

पंचावन्नच्या पुढची वयं हो सगळ्यांची... हॉलभर हात वर झाले. पहिला नाथाचा. माईकसकट.