माझी गोधडी व्हिएन्नाला

शाल? शालीचं नाव काढू नका माझ्यापुढं! सहा सत्कार झाले, सहा शाली आल्या, पन त्यातली एक बी अशी न्हाई की अंगावर घेऊन मानसानं डोळा लावावा... आरपार दिसतं हो त्यातून! सरपंचानं घातलेली शाल तोंडावर घेऊन मी घड्याळात किती वाजले ते सांगू शकतो. परवा सहाच्या सहा एकावर एक घेऊन झोपलो, तर सकाळी तीन माझ्या पाठीखाली, दोन बाजंखाली आन् एक कुत्र्याच्या अंगावर! आन् वरून लोक इचारतेत, 'काकासाहेब, एवढा मान मिळून राह्यला, मंग तोंड असं कामून?' अरे, थंडी वाजून राह्यली म्हनून! केदारखेड्यात सकाळच्या पारी मानूस बोलला की तोंडातून आधी वाफ निघती, मंग शब्द... आन् माझी गोधडी कुठंय? व्हिएन्नाला!

हसू नका. व्हिएन्ना म्हंजी तिकडं युरोपात ऑस्ट्रिया देश हाय ना, त्याची राजधानी. मला बी आधी कुठं ठाऊक होतं? आता गावातलं शेंबडं पोरगं सांगतं. तिथं आमची लेक राजनंदिनी शिकायला गेली. बियाण्यांचा अभ्यास. मी म्हनलं, 'बाई, बियाण्यांचंच शिकायचं तर जालन्याच्या एमआयडीसीत इतक्या कंपन्या हायेत, सकाळी गाडीवर गेली की संध्याकाळी घरी.' न्हाई! तिला त्या बियाण्याच्या पोटात काय चाललंय ते बघायचं! बरं, जा. हुशार पोरगी, तिला अडवनारा मी कोन? केदारखेड्यातून शिकायला विमानात बसलेली पहिली पोरगी हाय ती, लिहून घ्या!

तर तिच्या बॅगेचं वजन तेवीस किलोच्या वर चालत न्हाई म्हने. जुन्या जालन्यात वळखीची आडत हाय, तिथं तुरीच्या पोत्यांच्या लायनीत बॅग लावली, काट्यावर मोजली, बराबर तेवीस. मी निवांत चहा प्यायला गेल्तो. तेवढ्यात आमच्या द्वारकाबाईनं... म्हंजी आमच्या कुटुंबानं... बॅग उघडली, पुस्तकं काढली आन् गोधडी घातली! चार किलोची गोधडी! मी म्हनलं, 'अगं, पुस्तकं?' तर म्हन्ती कशी, 'लेकरू बर्फात चाललंय. पुस्तकं पांघरील का?' मी पुस्तकं उचलून काखंत मारली. पन गोधडी कुनाची? माझी! चौदा वर्षं माझ्या अंगावरची! सोताची न्हाई घातली हो बॅगेत. इचारलं तर म्हनली, 'माझी इरलीय. तुमची दाट हाय.'

बरं, गेली गोधडी. तुम्हाला सांगतो, तिथं तिची गरजच न्हाई! त्या लोकांच्या घरात भिंतीलाच गरम पान्याचे नळ लावलेले. बाहेर गुडघाभर बर्फ, आन् आत पोरगी पंख्याची आठवन काढून राह्यली! मी म्हनलं, 'बाई, मंग धाड की वापस.' पन आईची शिकवन अशी की गोधडी वापरा न्हाईतर न वापरा, आठ दिवसाला तिला ऊन दाखवायचं. आता त्या गावात हिवाळ्यात ऊन ते कुठलं? पोरीनं तरी बिलकुल नेमानं खिडकीतून बाहेर सोडली. आन् नेमकी खालून चालली होती एक बाई. मार्टिना तिचं नाव. तिथल्या एका मोठ्या म्युझियममधी जुन्या कापडांचं सगळं हिच्या हातात. तिनं वर बघितलं, आन् तिथंच रस्त्यात उभी... बर्फ पडून राह्यलाय, टोपी पांढरी झाली, बाई मान खाली घेईना! मंग सरळ जिना चढून दारात. पोरीला वाटलं, तक्रार आली, ह्यांच्यात खिडकीतून असं वाळू घालायला बंदी असंल. दार उघडल्या उघडल्या पोरगी 'सॉरी, सॉरी' करून राह्यली, आन् ती बाई म्हन्ती, 'हे कुनी केलं?' 'आईनं.' 'तुमची आई कोनत्या कॉलेजात शिकली?' कॉलेजात! अहो, द्वारकाबाई चौथीत असतानी घरी बसवली, धाकटी भावंडं सांभाळायला!

आता तिकडं कसंय, हिवाळा आला की प्रदर्शनं लागतेत, गान्या-वाजवन्याचे कार्यक्रम होतेत. आपल्याकडं हिवाळ्यात कसा हुरडा, तसं तिकडं म्युझियम. लोक कोट घालून, तिकीट काढून, सहकुटुंब जातेत. तर मार्टिनाबाईनं ठरवलं, म्होरल्या हिवाळ्याच्या प्रदर्शनात ही गोधडी लावायची. झालं! एक हिवाळा गेलाच होता माझा, आता दुसरा बी गेला. कागद आला, सही पायजे. मी म्हनलं, 'गोधडी माझी, सही मी करतो.' तर न्हाई म्हने, जिनं शिवली तिची सही. मी पेन हातात घेऊन उभा, आन् द्वारकाबाईनं माझ्या हातातून पेन घेऊन सही केली.

मंग एक दिवस पोरीचा व्हिडिओवर फोन. द्वारकाबाईनं पहिल्या झूट इचारलं, 'गोधडी कशी हाय?' पोरगी कशी हाय ते नंतर! पोरगी म्हनली, 'आई, ती फ्रीजरमधी हाय.' ...'कशात?' 'फ्रीजरमधी. उणे तीस डिग्री. पंधरा दिवस. किडं-बिडं असंल तर मरून जातं, म्हनून. तिथला नियमच हाय.' अहो, हिनं पदरच अंगाभोवती लपेटून घेतला! 'अगं बया, तिला थंडी घालून राह्यले गं!' तुम्हीच सांगा, जिचा जन्म थंडी घालवन्यात गेला, तिलाच उचलून बर्फात कोंबायचं? आन् किडे? दर दिवाळीला नदीवर आपटून आपटून धुतलेली गोधडी, तिच्यात किडे? पंधरा दिवस ही बाई रोज सकाळी उठून सांगती, 'आज सातवा दिवस... आज आठवा...' मी तिकडं शेकोटीला पाठ लावून कुडकुडून राह्यलो, माझा कितवा दिवस ते कुनी इचारलं न्हाई!

बाहेर काढली, तर एक्स-रे! माझा गुडघा तीन वर्षांपासून दुखून राह्यला, त्याचा अजून एक्स-रे न्हाई, गोधडीचा निघाला. आन् त्यात एका कोपऱ्यात दिसला गोळा. मार्टिनाबाई घाबरली, जल्दी जल्दी फोन. हातात पांढरे मोजे, चेहरा असा गंभीर, जसा डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेतो तसा. पोरगी मधी बसून इकडचं तिकडं सांगून राह्यली. 'आई, त्या इचारतेत, कोपऱ्यात काय हाय?' द्वारकाबाई म्हनली, 'घास हाय. बाजरीच्या भाकरीचा.' ...'कामून?' 'कामून म्हंजी? गोधडीला पोट असतं ना! शेवटचा कोपरा शिवायच्या आधी घास घालावा लागतो. उपाशीपोटी ती ऊब कुठून देईल?' पोरीनं सांगितलं. मंग म्हने मार्टिनाबाईनं मोजा काढला आन् डोळा पुसला. मोजा पुन्हा घातला.

पन तिथं एक मोठा साहेब होता ना! त्याचं आपलं एकच, 'म्युझियमात अन्न चालत न्हाई!' पान्याची बाटली सुद्धा बाहेर ठेवायला लावतेत म्हने. 'कोपरा उसवा, घास काढा, परत शिवून टाका, कुनाला कळनार बी न्हाई.' द्वारकाबाईनं ऐकून घेतलं. पदर खोचला. म्हनली, 'त्याला सांग, गोधडीचं पोट फाडायचं न्हाई. घासासगट लावा, न्हाईतर माघारी धाडा.' आन् फोन ठेवून भाकरी थापायला बसली! प्रदर्शन आठ दिवसांवर, तिकडं पत्रिका वाटून झाल्या, आन् ही भाकरी थापून राह्यली!

आता माझी गत बघा. माघारी आली तर माझी गोधडी मला भेटती, दोन हिवाळ्यांनी पाय लांब करून झोपतो... पन मी तवर अख्ख्या केदारखेड्याला सांगून बसल्तो! बसस्टँडवर सांगितलं, डेअरीवर सांगितलं, भोकरदनच्या बाजारात वळख न्हाई पाळख न्हाई त्या कांदेवाल्याला बी सांगितलं! आन् शेजारी आमचा रामप्रसाद टपूनच बसलेला, 'काय काकासाहेब, परत येऊन राह्यली म्हने?' मी द्वारकाबाईला हळूच म्हनलं, 'अगं, एवढुसा घास तो...' तिनं माझ्याकडं असं काही बघितलं, की ते वाक्य अजून माझ्या घशातच हाय.

चार दिवस फोन न्हाई. पाचव्या दिवशी पोरगी फोनवर वरडूनच राह्यली, 'आई, घासासगट!' झालं काय, मार्टिनाबाई त्या साहेबापुढं जाऊन उभी राह्यली. म्हनली, 'घास काढायचा असंल तर गोधडीच लावत न्हाई. काचेची पेटी रिकामी ठेवते, आन् पाटीवर लिहिते, कामून रिकामी हाय ते.' घ्या! साहेब गार! द्वारकाबाई एवढंच म्हनली, 'बाईमानूस हाय तिथं कुनीतरी. मला वाटलंच.'

उद्घाटन तिकडं इतवारी सकाळी, इकडं दुपारी साडेतीन. ग्रामपंचायतीतल्या टीव्हीला फोन जोडला, आख्खं गाव सतरंजीवर. तिकडं आधी चौघं जन व्हायोलिन वाजवून राह्यले, आन् दीडशे मानसं चिडीचूप! ज्याला खोकला आला तो तोंड दाबून लाल झाला, पन खोकला न्हाई! त्यांचं बघून आमचं गाव बी चिडीचूप. दहा मिनिटं केदारखेडा गप बसलाय, हे म्या म्हातारा व्हत आल्यावर पहिल्यांदा बघितलं. मंग काचेत लाइट लागली, आन्... अहो, माझं धोतर! मधोमध! आजूबाजूला तिची लुगडी, कोपऱ्यात माझ्या दोन शर्टांचे चौकोन, आन् बाहेर ते गोरे लोक, हात पाठीमागं बांधून, वाकून वाकून माझं धोतर बघून राह्यले! मी उभाच राह्यलो. तेवढ्यात रामप्रसाद मागून, 'ते लाल ठिगळ आमच्या मायच्या लुगड्याचं हाय हां!' मंग काय, पाच मिनिटात निम्म्या गावाचं एक-एक ठिगळ निघालं त्यात.

पोरीनं मंग पाटी वाचून दाखवली. 'सुती लुगडी, पाच. धोतर, एक. शर्ट, दोन. बाजरीची भाकरी, एक घास.' आन् सगळ्यात वर, ठळक... 'द्वारकाबाई काकासाहेब मुरकुटे, केदारखेडा, जिल्हा जालना.' ह्या बाईचं नाव कुठं होतं हो आजवर? सातबाऱ्यावर माझं, दारावरच्या पाटीवर माझं, लग्नाच्या पत्रिकेत तर छापनाऱ्यानं चुकवलेलं. आन् तिथं राजधानीत, तिचं आधी, माझं मागून! मी टाळ्या वाजवायला लागलो, थांबताच येईना. ही मात्र पदर तोंडाला लावून बसलेली. म्हन्ती कशी, 'तो तिसऱ्या रांगेतला टाका वाकडा गेलाय, दिसून राह्यला सगळ्यांना.'

एवढ्यावर थांबावं की न्हाई? न्हाई! सगळं झाल्यावर मार्टिनाबाई पडद्यावर आली, नमस्कार केला. आमच्या हिनं इचारलं, 'काय गं, तू पांघरून बघितली का?' मार्टिनाबाई म्हनली, 'न्हाई. बंदी हाय.' 'हात तर लावला असशील?' तर तिनं ते मोजे दाखवले. म्हनली, 'मोज्यातूनच. उघड्या हातानं एकदा बी न्हाई.' द्वारकाबाई घरी आली, चुलीपुढं बसली आन् म्हनली, 'बिचारी. गोधडीपायी साहेबाशी भांडली, आन् तिला ऊब कशी असती ते ठाऊकच न्हाई.'

दुसऱ्या दिवशी पेटी उघडली. मऊ मऊ लुगडी काढली, सुई-दोरा काढला, ओसरीवर उन्हात बसली. म्हनलं, चला! पावलं! शेवटी दया आली! मी आपला दिवसातून चारदा चहा करून देऊन राह्यलो, सुईत दोरा ओवून राह्यलो, 'चष्मा पुसून देऊ का' इचारून राह्यलो. गावभर सांगितलं, 'म्युझियमची कारागीर सध्या खास माझ्यासाठी शिवून राह्यली!' रामप्रसादचं तोंड बघायचं होतं तुम्ही! वीस दिवस टाका टाका मोजला मी. शेवटी काल म्हनली, 'अहो, जरा आडवे व्हा, लांबी बघू द्या.' झालो आडवा. टाकली अंगावर... आहाहा! काय सांगू! दोन हिवाळ्यांची थंडी हाडातून निघून गेली हो! डोळेच मिटायला लागले. फक्त पाय तेवढे बाहेर. म्हनलं, 'अगं, वीतभर आखूड पडून राह्यली.'

तर म्हनली, 'तुम्हाला पडंल. मार्टिना तुमच्यापेक्षा ठेंगनी हाय.'

उठलो. घडी घालून दिली. म्हनलं, 'मंग टाके तरी जवळ जवळ घाल... तिकडं थंडी आपल्यापेक्षा जास्त असती.'